नथानिएल प्रार्थना शिकतो

एका गावात एक भोळा गवंडी होता, नथानिएल. सांगाल ते ऐकायचा. तेवढंच ऐकायचा.

त्याचं लग्न शांतवनरावांच्या सलोमीशी ठरलं. पोरगी त्याच्या मनात भरली होती. पण शांतवनराव म्हणाले, "आधी धड प्रार्थना करायला शीक. मग पोर देतो."

नथानिएल धावत चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेला.

साहेब म्हणाले, "खोलीत जावं, दार लावून घ्यावं, एकट्यानं प्रार्थना करावी. शास्त्रात तसंच आहे."

रविवारी नथानिएल सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये शिरला आणि आतून कडी घातली. मंडळी उन्हात ताटकळली. साहेबांनी दार बडवलं.

"कोण आहे आत?"

"मी एकटाच, साहेब. तुम्ही सांगितलं तसा."

"अरे, इथं सगळ्यांनी मिळून, मोठ्यानं करायची असते!"

"हे आधी नाही का सांगायचं?"

बुधवारी गावातली राहेलआजी आजारी पडली. दिवसभर तळमळून नुकताच कुठे तिचा डोळा लागला होता. नथानिएल प्रार्थनेला वीस माणसं घेऊन खाटेभोवती उभा राहिला. सगळे मिळून, मोठ्यानं. आजी ताडकन उठली आणि काठी शोधू लागली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "बाबा, इतकी बडबड कशाला? आपण मागायच्या आधीच देवाला सगळं ठाऊक असतं."

"हे आधी नाही का सांगायचं?"

शुक्रवारी शांतवनरावांनी सगळे सोयरे जमवले. "कर बघू आमच्या पोरीच्या संसारासाठी प्रार्थना."

नथानिएल उभा राहिला. "देवा, तुला ठाऊकच आहे. आमेन." बसला. कित्येकांचे डोळे अजून मिटायचेच होते.

"ही प्रार्थना का तार?" शांतवनराव कडाडले. ते लग्नच मोडणार होते. पण सलोमी अडून बसली, "करीन तर यालाच." मग शांतवनराव म्हणाले, "बरं. लग्नाच्या पंगतीत प्रार्थना तूच करायची. चुकलास तर पोर माघारी नेईन."

नथानिएल रडकुंडीला आला. साहेबांनी समजावलं, "चिकाटीनं मागावं रे. मिळेपर्यंत थांबू नये."

लग्न लागलं. तीनशे पाव्हणे पंगतीला बसले. मटणाचा वास सुटला. सगळ्यांनी डोळे मिटले.

"देवा, आजचं अन्न दे." नथानिएलनं एक डोळा उघडून पत्रावळ पाहिली. रिकामी. "देवा, आजचं अन्न दे."

आचारी पळी घेऊन तयार होता. पण आमेन झाल्याशिवाय वाढायचं नाही, ही रीत. आणि मिळाल्याशिवाय नथानिएल आमेन म्हणेना. रस्सा निवला. पोरं रडायला लागली. शांतवनरावांच्या मिशा थरथरू लागल्या.

शेवटी सलोमीनं हळूच भाकरीचा तुकडा आणून त्याच्या पत्रावळीवर ठेवला.

"मिळालं!" नथानिएल ओरडला. पंगतीनं सुस्कारा सोडला. आचारी पुढे सरसावला.

"थांबा, थांबा," नथानिएल म्हणाला. "हे माझं झालं. आता पाव्हण्यांचं मागतो. एकेकाचं."

आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले.