अहो, ऐकलं का?

कोतवालाने भर बाजारात हौसाची ढोलकी उचलून नेली, कारण हौसाच्या गाण्याचं आणि महाराजांच्या गाण्याचं नाव एकच निघालं. नाव होतं, 'अहो, ऐकलं का?'

उदयधवल महाराजांनी आपलं गाणं गेल्याच सोमवारी रचलं होतं. दरबारी कवी म्हणाले, असं नाव आजवर कोणाला सुचलंच नाही. त्यांच्या बायका हीच हाक सकाळपासून सतरा वेळा मारत होत्या, पण कवी घरचं ऐकतात कुठे! मग चौकशी झाली. त्याच नावाची जात्यावरची एक ओवी सापडली, थोरल्या महाराजांच्या काळातली लावणी सापडली, एक भारूडही निघालं. म्हणजे राज्यातल्या आज्यांनी महाराजांचं गाणं चाळीस वर्षं आधीच चोरलं होतं! सगळ्यांवर बंदी आली. आता हौसाची पाळी होती, आणि जत्रा चार दिवसांवर. जत्रेत गायली नाही तर तिची चूल वर्षभर पेटायची कशी?

ती तडक दरबारात गेली. तिचा नवरा केरबा ढोलकी झकास वाजवी, पण मोठ्या माणसांपुढे त्याची बोबडी वळायची. तो बाहेर देवडीवरच बसला.

"म्हाराज, हे गाणं माज्या सासूचं हाय. नाव सारखं आलं, त्यात माजा काय गुन्हा?"

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," महाराज म्हणाले. "कोणतं कोणाचं, हे ओळखायचं कसं?"

"ज्याचं त्याला बराबर कळतंय, म्हाराज."

"असं? मग दाखव. फक्त नाव उच्चारायचं. पुढचा शब्द नाही, चाल नाही, ढोलकी नाही. तेवढ्यावर ज्याचं त्याला कळलं पाहिजे. नाहीतर ढोलकी जप्त, आणि तू राज्याबाहेर."

कवींनी माना डोलावल्या. त्यांची नेमणूकच त्यासाठी होती.

हौसाने पदर खोचला आणि ती राणीवशाच्या पडद्याकडे वळली. "राणीसायेब, नाव तेवढं तुमीच घ्या की."

पडद्याआडून आवाज आला, "अहो, ऐकलं का?"

"आलो, आलो!" महाराज सिंहासनावरून अर्धे उठलेसुद्धा. एक पाय मोजडीत, एक बाहेर. बाकी दरबारात कोणी हललं नाही.

मग हौसाने देवडीकडे तोंड केलं. "अहो, ऐकलं का?"

बाहेरून केरबा खेकसला, "आता काय गं? हितं बी बसू देत न्हाईस व्हय?"

या वेळी महाराज जागचे हलले नाहीत.

"नाव तर त्येच व्हतं," हौसा म्हणाली. "मग माज्या हाकेला का न्हाई उठलात, म्हाराज?"

आधी पडद्याआड हसू फुटलं, मग महाराजच पोट धरून हसू लागले. शेवटी हिंमत करून कवीही हसले.

"कोतवाल, ढोलकी परत करा," महाराज डोळे पुसत म्हणाले. "सगळ्यांवरची बंदी उठली. जत्रेत आधी हौसा गाईल, आमचं गाणं मागून. आणि हिला एक भरजरी शालू द्या."

"अहो, ऐकलं का?" पडद्याआडून पुन्हा हाक आली. "शालू दोन सांगा. निम्मं काम मी केलंय."

"सांगतो, सांगतो," महाराज म्हणाले, आणि दुसरी मोजडी शोधू लागले.