वीस सरळ रेघा

“यात चूक कुठंय ते दाखवा, आक्का! नुसतं तोंड फिरवू नका.”

शर्वरी गोफणेनं फाईल ओट्यावर आपटली. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रसूतिगृहाची ती मुख्य नर्स. उत्तम प्रसूतिगृह निवडायला दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचं पथक यायचं होतं, आणि फाईलमध्ये वीस बाळंतपणांचे वीस आलेख होते. कळा चालू असताना गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं आणि बाळाचे ठोके किती, ते वेळोवेळी मोजून त्यांत भरायचं असतं.

द्वारकाक्का निवृत्त नर्स. शर्वरीला बाळंतपणं करायला तिनंच शिकवलेलं. अजूनही दुपारची प्रसूतिगृहाबाहेरच्या ओट्यावर येऊन बसायची. अडलेल्या नर्सा तिथंच तिला गाठायच्या.

तिनं एकेक आलेख उलटला.

“वीस बाया. एकीचीही रेघ अडखळली नाही?”

“माझं काम चोख आहे.”

“बाळाचे ठोके एकशे चाळीस. पुढचीचे एकशे चाळीस. तिच्या पुढचीचेही एकशे चाळीस... सगळी बाळं एकाच कारखान्यातली का गं?”

आक्कानं एका आलेखावर बोट ठेवलं.

“कधी भरलेस हे?”

“बाळंतपण झाल्यावर. सगळ्याच तसं भरतात, आक्का. तीन बायांना मी एकटी. त्या वेळी पेन धरायला हात मोकळा असतो का?”

“नसतो. मग तसं लिही. मोजलं नाही, लिही. जागा रिकामी सोड. दहा रिकाम्या जागा बघून कुणी तरी दुसरी नर्स पाठवील. तुझं एकशे चाळीस बघून कोण पाठवणार आहे?”

“कागद नसला म्हणून माझं काही अडत नाही. हात लावला की कळतं मला. तुमचाही सगळा अनुभवच होता ना?”

“अनुभवाचं नाव काढू नकोस!”

आत चाललेली आया दारात थबकली.

“पंधरा वर्षं मी अडलेल्या बायांची पोटं दाबली. वरून जोर दिला की मूल लवकर येतं, हे माझ्या हातांना पक्कं ठाऊक होतं. दोघींच्या गर्भपिशव्या फाटल्या. मी त्यांच्या नशिबाला बोल लावला. माझ्या हातांना नाही.”

आक्कानं दोन्ही हात पदराला पुसले.

“मग एक जाडं इंग्रजी पुस्तक हाती आलं. सातवी शिकलेली मी, मांडीवर शब्दकोश घेऊन वाचलं. कुठल्या कुठल्या मुलखातल्या नर्सा हजारो बायांच्या उशाशी बसल्या होत्या. जे घडलं ते मोजलं, जे मोजलं ते लिहिलं. पोट दाबण्यानं पिशव्या फाटतात, ते त्यातून निघालं. त्या दिवशी मी पोटावरचे हात काढले ते काढलेच. त्या बायाही तुझ्यासारखं बाळंतपणं उरकल्यावर एकशे चाळीस लिहीत बसल्या असत्या तर?”

शर्वरी फाईल उचलायला वाकली. आक्कानं फाईलवर हात ठेवला.

“उपचाराला पुरावा हवा, पुरावा हवा म्हणून नर्सांच्या शिबिरात भाषण ठोकून आलीस म्हणे. टाळ्या पडल्या. तो पुरावा आकाशातून पडतो का, बाई?”

शर्वरीचे कान लाल झाले.

“आत कोण आहे आत्ता?” आक्कानं विचारलं.

“बिंदू वळवी. पहिलटकरीण. सकाळी आठला तपासली, पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं होतं.”

“तिचा आलेख?”

“होईल की. बाळंत झाली की...”

“नको. आत्ताच भर.”

“सकाळचा?”

“शेवटपर्यंतचा. मूल किती वाजता झालं, वजन किती भरलं, सगळं. वीसजणींचं तुला बसल्या जागी कळलं, हिचंही कळेल. भर!”

आक्कानं फाईलमागचा कोरा छापील आलेख काढून पुढं सरकवला.

शर्वरीही हट्टाची. मांडी घालून बसली. आठला चार. बाराला आठ. ठोके एकशे चाळीस, एकशे चाळीस... घड्याळात दोन वाजले होते. पेन दोनच्या पुढं गेलं. दहा सेंटिमीटर. प्रसूती, दोन चाळीस. वजन, दोन किलो आठशे.

खाली एक चौकट होती. बाळ जिवंत की मृत, खूण करा.

पेन टेकलं.

“भर ना.”

पेन हलेना.

“काय झालं? हात मोकळा आहे की आता!”

शर्वरी उठली. चप्पल तिथंच राहिली.

आत बिंदू कुशीवर वळून खाटेचा गज धरून होती.

“ताई, सकाळी तपासून गेलात,” ती म्हणाली, “त्या आत्ता आलात.”

शर्वरीनं हात धुतले. तपासलं. सहा तासांत चाराचं पाचच झालं होतं. पोटावर यंत्र ठेवून ती ठोके मोजू लागली. पुन्हा मोजले. एकशे चार. एकशे दहाच्या खाली म्हणजे बाळ त्रासात.

तिनं नवा कागद घेतला. आठचा ठिपका दिला, दोनचा दिला. आलेखात दोन तिरप्या रेघा छापलेल्या असतात. दुसरीच्या पलीकडे ठिपका गेला, की बाईला ताबडतोब ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात हलवायचं. ठिपका पलीकडे पडला होता. मधल्या सगळ्या जागा तिनं रिकाम्या सोडल्या, आणि त्यांवर आडवं लिहिलं, “मोजलं नाही.” खाली सही केली.

मग डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी तपासलं, आलेख पाहिला आणि जिल्हा रुग्णालयाला फोन लावला. दहा मिनिटांत रुग्णवाहिका दारात लागली.

बिंदूला डाव्या कुशीवर निजवून, ऑक्सिजन लावून गाडीत घेतलं. शर्वरी तिच्याजवळ बसली. आक्काही पदर खोचून चढली. कुणी तिला या म्हटलं नव्हतं.

गाडी फाटा ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली. शर्वरीच्या मांडीवर तो कागद होता. दर पाच मिनिटांनी बाळाचे ठोके मोजून ती त्यावर लिहीत होती. घामाच्या हातानं त्यावरची शाई फिसकटली होती. बिंदूनं तिचं मनगट घट्ट धरलेलं.

“आक्का...” शर्वरी म्हणाली. “तुम्ही एवढी बाळंतपणं पाहिलीत. सांगा ना. वाचेल ना बाळ?”

आक्कानं घड्याळात पाहिलं.

“पाच मिनिटं झाली. मोज.”