चाटलेला मध परत मागितला त्याची गोष्ट

फार जुनी गोष्ट नाही. एक जंगल होतं. जंगलात एक पाणवठा होता आणि पाणवठ्याला एक सभापती होता. आधी वाघ होता, पण तो पाहुणा म्हणून दुसऱ्या जंगलात गेला आणि तिकडंच रमला. मग लोकशाही आली.

सभापतीचं काम एकच. कुणी कधी पाणी प्यायचं ते ठरवायचं. पावसाळ्यात या कामाला कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात मात्र पहिल्या नंबरला पाणी मिळतं, मधल्या नंबरला गढूळ पाणी मिळतं आणि शेवटच्या नंबरला पाणी कुठं होतं ती जागा दाखवतात.

अस्वलांचा नंबर मधला होता. ठमाबाई अस्वलीला तेवढा पुरायचा. तिची दोन पिल्लं होती आणि दोघंही तहान लागली की थेट रडायला लागायची. त्यामुळं कोण निवडून येतं याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. नंबर मागं जाऊ नये एवढंच तिचं म्हणणं.

निवडणुकीला दोघं उभे होते. एक साळूबाई साळिंदर. दुसरे धवलराव बगळे. धवलराव पांढरेशुभ्र. तासन्‌तास एका जागी उभे राहायचे आणि त्यालाच सेवा म्हणायचे. त्यांची घोषणा होती, ‘धवलराव, एका पायावर तयार’.

खर्च मोहोळ कंपनी करायची. मधमाश्यांची कंपनी. दोन्ही उमेदवारांना सारखाच मध. कंपनीचं म्हणणं, आमचं लोकशाहीवर प्रेम आहे आणि कुठली फांदी कधी लागेल सांगता येत नाही.

आता या जंगलात एक पद्धत होती. सभेला आलेल्या प्रत्येकाला द्रोणातून मध द्यायचा. तोंड चिकटलं की मध्येच कुणी प्रश्न विचारत नाही. आणि ज्यानं मध चाटला त्याला भाषण मान्य आहे असं धरायचं. पद्धत कुणी सुरू केली माहीत नाही. पण मोडली कुणीच नव्हती.

धवलरावांच्या सभेला अस्वलं पुढच्या ओळीत बसली. अस्वलं कुठल्याही सभेला पुढच्याच ओळीत बसतात. मध चाटताना ती पंजा जमिनीवर आपटतात, ती त्यांची सवय. लांबून ते टाळ्यांसारखं दिसतं.

धवलराव म्हणाले, “बंधूंनो आणि भगिनींनो, आपला पाणवठा घाण का होतो? मी स्पष्ट बोलणारा पक्षी आहे. काळ्या अंगाचे प्राणी पाण्यात तोंड घालतात. त्यांचा रंग सुटतो. त्यांनी शेवटी प्यावं. मी कुणाच्या विरोधात नाही.”

पुढच्या ओळीतून धप धप धप आवाज आला.

ठमाबाईचा पंजा अर्ध्यात थांबला. ती शेजारच्या अस्वलाला म्हणाली, “अरे, हे आपल्याला म्हणतोय.” पण तोंड चिकटलेलं. ऐकू आलं ते नुसतं “म्म म्म”. धवलरावांनी मान हलवून तिचे आभार मानले.

बातमी बाबल्या कावळ्यानं फोडली. तो पत्रकार होता आणि काळाही होता, त्यामुळं त्याला दोनदा राग आला. दुपारपर्यंत जंगलभर झालं. धवलरावांनी लगेच खुलासा केला.

“माझं वाक्य तोडून दाखवलं,” ते म्हणाले. “मी रंगाबद्दल बोललोच नाही. मी पाण्याबद्दल बोललो. आणि मला काय शिकवता? माझं निम्मं आयुष्य म्हशीच्या पाठीवर गेलंय.”

बाबल्या तानू म्हशीकडं गेला. तानू चिखलात बसली होती. पाठीवर धवलरावांचा पुतण्या गोचिडी वेचत होता.

“तानूताई, तुम्हीपण काळ्याच की,” बाबल्या म्हणाला.

“ते अस्वलांना म्हणाले असतील,” तानू म्हणाली.

“काळ्या अंगाचे प्राणी म्हणाले.”

“हां, पण आमचे घरचे संबंध आहेत रे.” मग मान वळवून पुतण्याला म्हणाली, “जरा डाव्या कानामागं बघ बाळा.”

अस्वलांनी मात्र ठरवलं, मोहोळ कंपनीच्या मधाला तोंड लावायचं नाही. अस्वलाला हे किती जड जातं ते अस्वलालाच ठाऊक. दोन दिवस ठमाबाईची पिल्लं झाडाखाली बसून नुसता वास घेत होती.

कंपनीला घाम फुटला. जंगलातला निम्मा मध अस्वलंच न्यायची. बदल्यात मोहाची फुलं आणून द्यायची. राणीसाहेबांनी बैठक घेतली आणि निवेदन काढलं. आमच्या पोळ्यात सगळ्या रंगांना जागा आहे. आम्ही स्वतः काळ्या-पिवळ्या आहोत. श्री. धवलराव यांच्या विधानानं आम्हाला वेदना झाल्या, सबब त्यांना दिलेला मध आम्ही परत मागत आहोत.

सगळ्यांनी कंपनीचं कौतुक केलं. ठमाबाईनंपण केलं. पिल्लांना म्हणाली, “बघा, बोललं की होतं.”

निवेदन घेऊन कंपनीची गुंजाताई मधमाशी धवलरावांकडं गेली. धवलराव एका पायावर विचार करत होते.

“मध? मी?” ते म्हणाले. “गुंजाताई, बगळा मध खातो का? मी मासे खातो. मध लोकांनी चाटला. पुढच्या ओळीनं तर द्रोणसुद्धा चाटले. ज्यांनी खाल्ला त्यांच्याकडं मागा.”

गुंजाताईला हे बरोबर वाटलं. राणीसाहेबांना तर फारच बरोबर वाटलं.

दुसऱ्या दिवशी गुंजाताई ठमाबाईच्या दारात.

“मावशी, मध परत हवाय.”

“कुठला मध?”

“सभेतला. तुम्ही चाटलेला.”

ठमाबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. “ताई, आमचा अपमान झाला म्हणून मध परत मागितला ना तुम्ही?”

“हो.”

“मग आमच्याकडनं कसा मागता?”

“कारण तुमच्याकडं आहे.”

“आणि नाही दिला तर?”

“तर तुम्ही ठेवून घेतला असं होईल. म्हणजे भाषण तुम्हाला मान्य आहे असं होईल. पद्धत आहे ना.” गुंजाताई जरा खाली येऊन बसली. “माझं नका ऐकू मावशी, मी कामाला आहे फक्त. पण तुम्हीच तुमच्याविरुद्धच्या भाषणाला मान्यता देताय, हे दिसायला बरं नाही.”

हे अस्वलांच्या मनाला लागलं. एकवेळ अस्वल उपाशी राहील, पण मिंधं राहणार नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी सभा घेतली, मध न चाटता. त्यामुळं सगळेच बोलले आणि फार वेळ लागला. शेवटी ठरलं, मधाच्या बदल्यात मोहाची फुलं द्यायची. एकूण एक. आपल्याला भाषण मान्य नाही हे सगळ्या जंगलाला दिसलं पाहिजे.

ठमाबाई एवढंच म्हणाली, “पण मोह सकाळी पडतो. मतदानपण सकाळीच आहे.”

“आधी इज्जत,” म्हातारं अस्वल म्हणालं. “मत काय, परत कधीतरी देता येतं.”

मतदानाच्या दिवशी सगळी अस्वलं डोंगरावर होती. फुलं वेचत होती. ठमाबाईनं पिल्लांनाही कामाला लावलं, लवकर उरकलं तर मत देऊन येऊ म्हणून. भराभर उतरून पाणवठ्यावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि खारी मतांचे खडे मोजायला बसल्या होत्या.

धवलराव निवडून आले. म्हशींचा पाठिंबा निर्णायक ठरला.

त्यांनी पहिल्याच भाषणात द्वेषाला थारा नाही असं सांगितलं. मग नंबर लावले. काळ्या अंगाचे शेवटी. त्यात म्हशीही आल्या. तानू म्हणाली, लेखनिकाची चूक असेल, घरी आले की सांगते.

अस्वलांनी मोहाची फुलं कंपनीच्या झाडाखाली रचली. मोठा ढीग झाला. राणीसाहेबांनी स्वतः येऊन अस्वलांच्या बाणेदारपणाचं कौतुक केलं. त्या फुलांचा मध झाला. पहिलं पोळं नव्या सभापतींच्या सत्काराला गेलं.

अशाच एका संध्याकाळी ठमाबाई पिल्लांना घेऊन पाणवठ्यावर आली. तिचा नंबर आला तेव्हा ओला चिखल उरला होता. तिनं पंजानं खड्डा केला, त्यात थोडं पाणी झिरपायची वाट पाहिली, आणि आधी धाकट्याला पुढं केलं. थोरलं रडायला लागलं.

गुंजाताई तिथंच चिखलावर बसून पाणी पीत होती. माश्यांना थोडंच लागतं, त्यांना कुठलाही नंबर चालतो.

“ताई,” ठमाबाई म्हणाली, “एक विचारू? तो तसं बोलला, तुम्हाला वेदना झाल्या. पुढच्या निवडणुकीला त्याला मध देणार का?”

गुंजाताईनं पंख पुसले.

“मावशी, तुमचा गैरसमज होतोय,” ती म्हणाली. “आम्ही उमेदवाराला मध देतच नाही. आम्ही निवडून आलेल्याला देतो. फक्त थोडा आधी देतो.”