बदकआजोबांचे घमेले

त्या दिवशी धुके इतके दाट होते, की सुपारीच्या झाडांचे शेंडेच दिसेनात. जंगलाला लागून असलेल्या त्या वाडीत, बाळांनो, एक म्हातारे बदक राहत असे. खोपटाच्या एका भागात ते, दुसऱ्या भागात अंड्यांवर बसलेली कोंबडी. मधे नुसता काटक्यांचा कूड.

बदकाचा सारा जन्म तळ्यात गेलेला. तळे आटले म्हणून ते इथे आले, पण मन काही आले नाही. कमळाच्या पानाखालची सावली, पोटाखालून सुळकन जाणारा मासा, झोपेतसुद्धा अंगाला लागलेले ते हळू डुलणे, सारे आठवत राही. वाडीच्या माळ्याने पाण्याचे घमेले दाराबाहेर ठेवले होते. बदकाने ते चोचीने ओढत ओढत आत, पेंढ्यावर आणले. घास घ्यायचा, डोके बुडवायचे, पंख झाडायचे. पेंढा चिंब व्हायचा आणि बदक त्या ओलाव्यात डोळे मिटून बसायचे. त्याला वाटे, तळे आले.

धुक्याच्या त्या सकाळी कोंबडीने कुडातून मान काढली.

“आजोबा, तुमचं तळं आता माझ्या घरट्यात शिरलंय. पेंढा कुजला, वास सुटला. अंडी गार पडतायत माझी.”

“अगं पोरी, पाणीच तर आहे. आमच्या तळ्यात कितीही उडवलं तरी कुणी बोललं नाही कधी.”

“तळ्यातलं उडून तळ्यातच पडत होतं. इथं ते माझ्या पोरांवर पडतं.”

“मग काय तुमच्यासारखं चोच टेकवून पिऊ? नाकडोळे बुडाले नाहीत तर चिकटतात आमचे.”

“बुडवा की भरपूर. पण डोकं बुडवायला वर छप्पर कशाला लागतं?”

बदक रुसले. पाठ फिरवून बसले. पण कान पलीकडेच होते. कोंबडी पायाने पेंढा उकरत एखादी कोरडी काडी शोधत होती, आणि ती काही मिळत नव्हती. तेव्हा बदकाला आपली आई आठवली. दिवसभर ती पाण्यात असे, पण घरटे मात्र वर, बांधावरच्या सुक्या गवतात. पंख निथळून, पायाचा चिखल गवताला पुसून, मगच ती अंड्यांपाशी जाई. इतकी वर्षे तळे आठवले, मग हे कसे नाही आठवले?

बदक उठले. घमेले ओढत उतारावर नेले, तिथल्या अळूच्या वाफ्याच्या वरच्या अंगाला, जिथे खडे पसरले होते. खाणेही तिथेच नेले. कुजका पेंढा बाहेर काढला, आणि आपल्या कोपऱ्यात उरलेला कोरडा पेंढा काडी काडी करून कुडातून पलीकडे सरकवला.

आता सांडलेले पाणी खड्यांतून झिरपून अळूला जाऊ लागले. अळू माजले. त्याच्या पानावर पाण्याचा थेंब इकडून तिकडे पळे, अगदी कमळाच्या पानावर पळावा तसा. बदक तो पाहत उभे राही.

पुढे कुडापलीकडे चिवचिव सुरू झाली. एक अंडे मात्र गारच राहिले. बदक मान खाली घालून कुडापाशी आले. कोंबडीने त्याला बोल लावला नाही.

तात्पर्य : शेजारीण तेव्हा त्याला म्हणाली तेच. “आजोबा, आठवण खुशाल ओली ठेवा, अंथरूण तेवढं कोरडं असू द्या. पलीकडे कुणीतरी निजलेलं असतं.”