होकायंत्राची बैठक

"खिळा ठोकायचा नाही, दोरी बांधायची नाही, कुणी हातात धरायचं नाही, आणि ते बघायला मला मान वाकवावी लागता कामा नये!" चिंचगडच्या मल्होजीराजांनी फर्मावलं. "उद्या सकाळी हे होकायंत्र माझ्या रथात बसलं पाहिजे. नाही बसलं, तर सटवाजी, ते तुझ्या टकलावर राळेनं चिकटवीन आणि तुला जन्मभर रथाच्या दांडीवर माझ्याकडं तोंड करून बसवीन!"

सटवाजी म्हणजे महाराजांचा सारथी. त्यानं पटकन पागोटं टकलावर ओढलं.

आता राजाला होकायंत्र कशाला, असं विचाराल. अहो, मल्होजीराजे कुणाला वाट विचारतील तर शपथ! "राजा वाट विचारत नाही, लोक राजाला वाट देतात," असं त्यांचं म्हणणं. मग व्हायचं तेच व्हायचं. गेल्या खेपेला भाचीच्या बारशाला निघाले आणि भलत्याच गावी कुणाच्यातरी तेराव्याला जाऊन पोचले. बरं, पोचले ते पोचले, वर तिथं पेढे वाटले! शेवटी बंदरावरच्या एका व्यापाऱ्यानं ही काचेची तबकडी नजर केली. आत एक सुई. तबकडी कशीही फिरवा, सुई आपली उत्तरेकडं. उद्या राणीसाहेबांच्या भावाचं लग्न, सासुरवाडी बरोबर उत्तरेला, आणि राणीसाहेबांनी माहेरी जाताना बजावलं होतं, "या खेपेला चुकलात तर तोंड दाखवू नका!"

खिळा का नाही? तर रथ पणजोबांचा, चंदनी. दोरी का नाही? "होकायंत्र आहे, शेळी नव्हे!" कुणी हातात का धरायचं नाही? "म्हणजे बघणारा तो आणि चुकणारा मी!" आणि राजाची मान म्हणाल, तर ती देवापुढंसुद्धा कुरकुरतच वाकायची.

प्रधानजींचे उपाय करून झाले होते. डिंक लावला, तर पहिल्याच खड्ड्याला तबकडी उडून त्यांच्या नाकावर आली. गुळाचा पाक लावला, तर मुंगळे तबकडी उचलून चालू लागले, आणि तेही दक्षिणेला! "आधी राज्यातले सगळे खड्डे बुजवू," असंही ते म्हणाले होते. त्यावर मात्र दरबार इतका हसला की विषयच मिटला.

सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको ठकूबाई नुकतीच पाण्याच्या खेपा घालून आली होती.

"काय झालं? डोकं दुखतंय?"

"दुखू दे. आजच्या दिवस ते माझं आहे," सटवाजी म्हणाला आणि त्यानं सगळी कहाणी सांगितली.

ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "रथ धावताना काय काय पडतं हो?"

"सगळंच! छत्र पडतं, पिकदाणी पडते. प्रधानजी तर दोनदा पडले."

"आणि पडत नाही असं काय?"

"मी पुढं बघून हाकतो. मागचं मला काय ठाऊक!"

"मला ठाऊक आहे. पाणवठ्यावरून बघते की मी. तुम्ही सकाळी घोडे जुंपा."

"अगं, पण काय करणार ते सांगशील तर!"

"सांगितलं तर तुम्ही आत्ताच गाव सोडून पळाल," ठकूबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

सकाळी सगळा गाव वाड्यासमोर लोटला. ठकूबाई आली ती डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन. चुंबळ म्हणजे तीच, घागर डुलू नये म्हणून बायका डोक्यावर ठेवतात ती कापडाची वळलेली कडी.

"महाराज, रथात बसा. आता लोडाला टेका. आणखी टेका."

महाराज टेकले, तसं त्यांचं पोट दिमाखात वर आलं. अहाहा, काय ते पोट! लाडवांच्या पिढ्यान् पिढ्या तिथं नांदलेल्या. ठकूबाईनं हात जोडले, पोटावर चुंबळ ठेवली आणि चुंबळीवर तबकडी.

सटवाजीनं डोळे घट्ट मिटून घेतले. आता राळ नाही, आता सुळीच, असं त्याला वाटलं.

"अगं बये!" रथात महाराजांमागं उभे असलेले प्रधानजी किंचाळले. "महाराजांच्या पोटावर घागरीची चुंबळ?"

"मग तुमच्या डोक्यावर ठेवू, प्रधानजी? पण रिकामं भांडं फार डुलतं हो!"

"हाक, सटवाजी!" महाराज दातओठ खात म्हणाले.

सटवाजीनं देवाचं नाव घेतलं आणि रथ पाथरवटांच्या आळीतून, दगडाधोंड्यांवरून पिटाळला. छत्र पडलं. पिकदाणी पडली. प्रधानजी तिसऱ्यांदा पडले. तबकडी मात्र जागची तसूभर हलली नाही! रथ फिरून वाड्यासमोर आला, तेव्हाही ती तशीच बसलेली.

"दगडाचा धक्का चाकाला, चाकाचा गादीला, गादीचा महाराजांना," ठकूबाई म्हणाली. "महाराजांच्या पोटापर्यंत येईतो बिचाऱ्याचा दमच निघतो! खिळा नाही, दोरी नाही, कुणाचा हात नाही. आणि मान कशाला वाकवायची? पोटच वर आलंय भेटायला!"

मागं कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांचे डोळे लाल झाले.

"साऱ्या गावादेखत माझ्या पोटाची टिंगल! बोल, काय उत्तर आहे तुझ्याकडं?"

ठकूबाईनं शांतपणे वाकून तबकडीत पाहिलं.

"माझ्याकडं कुठलं उत्तर, महाराज? उत्तर तर तुमच्या पोटावर बसलंय!"

महाराजांनी सुईकडं पाहिलं. मिशी थरथरली, गाल फुगले, आणि असा काही हास्याचा गडगडाट झाला की घोडे दचकले! पोट गदगदलं, तबकडी नाचली, सुई गरागरा फिरायला लागली.

"आवरा, महाराज, आवरा!" ठकूबाई ओरडली. "सासुरवाडी हुकतेय!"

त्यावर तर महाराज डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा ठकूबाईच्या हातावर ठेवला, सटवाजीला हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि कसंबसं पोट आवरून धरलं.

"प्रधानजी," ते म्हणाले, "लग्नघरी पोचेपर्यंत मला हसून चालायचं नाही. तेव्हा तुम्ही आपले रथाच्या मागून चालत या!"