दौलू वस्तादांचं बुटकं कुत्रं

"मग उंच पोरं आणू का नको, वस्ताद? एवढंच सांगा."

धैर्यशील हे तिसऱ्यांदा विचारत होता. दौलू वस्ताद मेथीच्या वाफ्यात बसून खुरपत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

धैर्यशीलचं डोकं उठलं होतं. कोल्हापुरातल्या एका जुन्या तालमीच्या फुटबॉल संघाचा तो प्रशिक्षक. रविवारी फायनल, आणि मागच्या तीन सामन्यांत संघानं नऊ गोल खाल्लेले. बचावाला युनूस आणि बाजीराव. दोघंही काटक, पण उंचीनं बेताचेच.

कमिटीनं गोव्याची दोन सव्वासहा फुटी पोरं हेरून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत नावं कळवायची होती. पण युनूस आणि बाजीराव सात वर्षं तालमीकडून खेळत होते, त्यांना घडवलं होतं वस्तादांनीच. त्यांच्याच तोंडून 'काढ' एवढं ऐकलं असतं, तर धैर्यशीलच्या मनाची टोचणी गेली असती. म्हणून तर भर दुपारी तो मोटरसायकल दामटत मळ्यावर आला होता आणि कवाड ढकलून तडक वाफ्यापाशी येऊन उभा राहिला होता.

"वस्ताद..."

तेवढ्यात बांधावरची एक शेळी आत आली आणि तिनं मेथीला तोंड लावलं. वस्तादांचं बुटकं कुत्रं भुंकत धावलं. शेळीला हुसकून ते परत येऊन बसलं.

"खेळवतोस कसं?" वस्तादांनी विचारलं.

चला, तोंड तरी उघडलं. धैर्यशील सुटलाच. मधली फळी सगळी पुढं पाठवायची, मागं कुणी फिरायचं नाही, फिरला तो बाहेर बसला, असा त्याचा नियम होता. त्या नियमावर संघानं बारा गोल मारले होते, हे त्यानं दोनदा सांगितलं. खाल्लेल्या नऊंचं नाव मात्र काढलं नाही.

"आनि बॉल त्यांच्याकडं गेला म्हंजे?"

"मागं युनूस-बाजीराव आहेत की. त्यांचं कामच आहे ते."

"हं..."

शेळी पुन्हा आली. कुत्रं पुन्हा धावलं. या खेपेला परत आलं ते जीभ बाहेर काढूनच.

वस्ताद खुरपत राहिले. धैर्यशीलला वाटलं, आपण पालथ्या घड्यावर पाणी ओततोय. फायनल तोंडावर आली आहे आणि म्हाताऱ्याला गवताची पडली आहे.

मग दोन शेळ्या एकदम आल्या. कुत्रं एकीच्या मागं लागलं, तोवर दुसरीनं अर्धा वाफा फस्त केला.

आता मात्र धैर्यशीलला राहवेना.

"वस्ताद, ह्या वीतभर कुत्र्याच्यानं काय राखण होणार? घालवा ह्याला. चांगलं दांडगं बघा एखादं."

"बघू की. तवर तेवढी शेळी भाईर काढ."

मनातल्या मनात चरफडत धैर्यशीलनं शेळीचा कान धरला आणि तिला ओढत कवाडापर्यंत नेलं.

कवाड सताड उघडं होतं. तारेची कडी खांबाला लोंबत होती...

येताना ती त्यानंच काढली होती.

धैर्यशीलनं शेळीला बाहेर ढकललं, कवाड ओढून घेतलं आणि कडी नीट अडकवली. ती निघत नाही ना, हे दोनदा हिसडून पाहिलं.

तो परत आला तेव्हा कुत्रं सरीत अंग टाकून झोपलं होतं. खिशातला फोन वाजत होता. कमिटीच्या सेक्रेटरीचा होता. धैर्यशीलनं नाव पाहिलं, आणि फोन तसाच वाजू दिला.

वस्तादांनी खुरप्याची माती झटकली. पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडं पाहिलं.

"मग धैर्या... कुत्रं कवा बदलायचं?"