खडीचं घमेलं

थांबवा गाडी! नवीकोरी दिसतेय, हारसुद्धा सुकला नाही अजून. मग आधी मला पुलावर जाऊ द्या. आणि तेवढं खडीचं घमेलं डोक्यावर चढवायला हात लावा. हसताय काय? तांबळवाडीच्या या कमानीवरून नवी गाडी, नवा ट्रॅक्टर, नवी नवरी पहिल्यांदा जाते, तेव्हा मोकाश्यांच्या घरातला थोरला माणूस खडी घेऊन पुढे चालतो. लोकांना वाटतं, हा आमचा मान आहे. कसला डोंबलाचा मान! ऐका.

पूल झाला माझ्या आज्याच्या काळात. खाली एवढी खोल घळ, मधे एक खांब नाही, नुसती काँक्रीटची कमान. ती घट्ट होईपर्यंत खाली लाकडांचा आधार होता. तो काढला, आणि म्हणे सगळं गाव चार पावलं मागं सरलं. पूल बांधणारा साहेब म्हणाला, "चला, पूल तुमचाच आहे." एक माणूस हलेना. माझा आजा रावजी मोकाशी, गावचा पुढारी. मिशीला पीळ देऊन सगळ्यांत पुढे उभा, पण पाऊल उचलेना.

मग त्याला हणमव्वा दिसली. वडारांची बाई, पुलाच्या कामावर खडी वाहायची. आजा म्हणाला, "ए बाई, घमेलं भर आणि पलीकडं जाऊन ये." सगळ्या गावानं ऐकलं. कुणी अडवलं नाही.

तिनं तान्ह्या लेकीची झोळी झाडाला बांधली, असं सांगतात. घमेलं उचललं नि निघाली. लोक पुलाकडं बघत होते, तिच्याकडं नाही. ऐन मधोमध ती थांबली, मागं वळली आणि ओरडली, "मालक, एवढं वजन बास का? का आणखी घेऊ?"

आजा नुसता मिशीला पीळ देत राहिला. ती जाऊन आली, लेक घेतली, बाजूला उभी राहिली. मग वाजंत्री लागली, नारळ फुटला, आणि पुलावर पहिलं पाऊल रावजी मोकाश्यांचं, असं जाहीर झालं. आज्यानं ते होऊ दिलं. वडारांची पालं उठली, ती पुन्हा इकडं आली नाहीत.

पुढं माझ्या आईची वरात पुलाशी आली, तेव्हा आज्यानं ती थांबवली. सगळ्यांसमोर खरं सांगितलं, फेटा उतरवला नि घमेलं डोक्यावर घेतलं. तेव्हापासून ही रीत; त्यामागचं खरं मात्र लोक विसरले. मला अजून हे सांगताना मान वर करवत नाही.

कमानीला आजही तडा नाही. मी मधोमध थांबेन, मागं वळेन, विचारेन, "एवढं वजन बास का?" तुम्हाला माझी दया येईल. पण 'बास' म्हणू नका. ते म्हणायला हणमव्वाच यायला हवी.